काल जमत होतं, आज जमत नाही

(स्नेहमेळाव्यातील भाषण, थोडे संपादन करून)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सुचवलं होतं, ‘तू डॉक्टर आहेस, तर आरोग्यावर वीस मिनिटं बोल. साखर, बीपी, गुडघे, असं काहीतरी.’ आपल्या वयाला शोभणारेच विषय आहेत. पण उपस्थितांची यादी पाहिली तर निम्मी मंडळी शिक्षक, काही मुख्याध्यापक, अंगणवाडीचं काम पाहणाऱ्या दोघी, आणि आजी-आजोबा तर विचारूच नका. म्हणजे दिवसभर मुलं ज्यांच्या नजरेसमोर असतात अशी माणसं. अशी सभा मला एरवी मिळत नाही. म्हणून गुडघे राहू द्या. मी लहान मुलांच्या मेंदू आणि नसांच्या आजारांवर उपचार करते, त्यातल्या एका छोट्या कोपऱ्याबद्दल बोलते.

कोपरा दुर्मीळ आजारांचा आहे. लाखात एखाद्याला होणाऱ्या आजारावर इथे कशाला बोलायचं, असं कुणाच्याही मनात येईल. कारण असं की, हे आजार बहुतांशी बरे होणारे आहेत, पण वेळेवर ओळखले तरच. आणि त्यांची पहिली खूण डॉक्टरला दिसत नाही. ती घरी, वर्गात, मैदानावर दिसते.

आधी शब्दाचा घोटाळा मिटवू. आपल्याकडे रक्त वाहून नेणारीही नस आणि मेंदूचा निरोप नेणारीही नस. मी ‘नस’ म्हणेन तेव्हा निरोपाची तार समजा. विजेच्या वायरसारखी, आत तार आणि वरून आवरण. आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती चुकून या तारेवर किंवा आवरणावर चालून गेली की जे होतं त्याला स्वयंप्रतिकार आजार म्हणतात; ऑटोइम्यून.

यातला एक आजार आता सगळ्यांना ऐकून माहीत आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, त्यात लहान मुलंही होती. वर्तमानपत्रांनी ते नाव चार तऱ्हांनी छापलं. गियाँ आणि बारे हे दोन फ्रेंच डॉक्टर. १९१६ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, त्यांनी दोन सैनिकांच्या आजाराचं वर्णन केलं. खरं तर त्या लेखावर तिसरं नाव होतं, स्ट्रोल यांचं. ते कुठे गळालं कोण जाणे. तीन जणांनी मिळून केलेल्या कामाचं असं होतं कधीकधी, आपल्या हस्तलिखिताच्या संपादक मंडळाला ते चांगलं ठाऊक आहे.

पुण्यातल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू सापडला. दूषित पाण्यातून, अर्धवट शिजलेल्या चिकनमधून तो पोटात जातो आणि जुलाब होतात. त्याच्या कवचावरची रचना आपल्या नसांवरच्या एका रचनेसारखी दिसते. शरीर जंतूविरुद्ध शस्त्रं तयार करतं, जंतू मरतो, आणि मग तीच शस्त्रं नसांवर चालतात. म्हणून जुलाब थांबून आठ-पंधरा दिवस झाल्यावर, घरचे ते विसरलेही असताना, पाय लुळे पडू लागतात. जुलाब झालेल्या हजार जणांत एखाद्यालाच असं होतं. आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्या महिन्यात मला कितीतरी पालकांनी विचारलं, ‘आमचा मुलगा त्याच्या शेजारी बसायचा, आता काय?’ काही नाही. बाक बदलायची गरज नाही. पाणी उकळा.

या आजाराचा नेहमीचा चेहरा लवकर सांगून टाकते, कारण तो बहुतेक डॉक्टरांना ओळखता येतो. दोन्ही पायांत सारखाच अशक्तपणा, तो वर चढत जातो, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही. दोन ते चार आठवडे वाढतो, थांबतो, मग हळूहळू ओसरतो. जुन्या लोकांच्या भाषेत ‘वारं गेलं’. मुलांत बहुतेक जण पुन्हा चालू लागतात. मधल्या काळात श्वासाचे स्नायू थकले किंवा हृदयाचे ठोके बिघडले तर जीव जाऊ शकतो, तेवढ्यासाठी सुरुवातीचे दिवस रुग्णालयात नजरेखाली काढायचे असतात.

खरा प्रश्न वेगळ्या चेहऱ्यांचा. तुम्हाला चार मुलं भेटवते. नावं सांगत नाही, काही तपशील बदलले आहेत.

पहिली चार वर्षांची मुलगी. लहान मूल ‘माझ्या पायातली ताकद गेली’ असं सांगत नाही. ती रडायची, पाय दुखतो म्हणायची आणि कडेवरून खाली उतरायला तयार नसायची. एका ठिकाणी कमरेचा एक्स-रे झाला, दुसऱ्या ठिकाणी ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सिरप मिळालं, घरात दृष्टही काढून झाली. या आजारात लहान मुलांत बऱ्याचदा दुखणं आधी येतं आणि अशक्तपणा मागून. पाठ, मांड्या, पोटऱ्या ठणकतात. वाढीचं दुखणं बहुधा संध्याकाळी-रात्री येतं आणि सकाळी तेच मूल उड्या मारत असतं. सकाळीही जे मूल उतरायला नाही म्हणतं, त्याला वाढीचं दुखणं म्हणू नये. त्या मुलीच्या आजीने मला एकच वाक्य सांगितलं, ‘डॉक्टर, हिच्या पायातली चप्पल चालताना निसटते आणि हिला कळतसुद्धा नाही.’ पावलाचे स्नायू ढिले पडले की असंच होतं. एवढी नेमकी माहिती त्या जाड फाइलमध्ये कुठेही लिहिलेली नव्हती.

दुसरा अकरा वर्षांचा मुलगा. वर्गात झोकांड्या खात आला. मुलं हसली. कुणीतरी म्हणालं काही खाऊन-पिऊन आलाय का बघा, तोंडाचा वाससुद्धा घेऊन झाला. त्याच्या वर्गशिक्षिकेच्या लक्षात आलं की हा एक डोळा हाताने झाकून फळा वाचतोय. त्यांनी विचारलं तर म्हणाला, ‘बाई, दोन-दोन फळे दिसतात.’ बाईंनी वडिलांना फोन लावला आणि सांगितलं, ‘काल हा खो-खो खेळला आहे. आज याला सरळ चालता येत नाही. उद्यावर टाकू नका.’

दुहेरी दिसणं, तोल जाणं आणि हातोडीला पाय न उडणं, हे तीन एकत्र आले की तो मिलर फिशर प्रकार. मिलर फिशर हे कॅनडाचे डॉक्टर. १९५६ मध्ये त्यांनी असे तीन रुग्ण नोंदवले. यात हातापायांची ताकद बरीचशी शाबूत असते, म्हणून जीबीएस कुणाच्या डोक्यातच येत नाही. बहुतेकदा काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप बरा होतो. पण आधी मेंदूत गाठ किंवा सूज नाही याची खात्री करावी लागते, आणि काही मुलांत हाच आजार पुढे हातापायांत आणि श्वासात उतरतो, म्हणून घरी ठेवता येत नाही. पापणी फक्त संध्याकाळी जड होत असेल आणि सकाळी ठीक असेल, तर तो बहुधा वेगळाच आजार, मायस्थेनिया. तोही स्वयंप्रतिकाराचाच, त्यालाही औषध आहे.

तिसऱ्या मुलाचे पाय उत्तम होते. तो चालत दवाखान्यात आला. आवाज नाकातून येत होता, पाणी प्यायलं की नाकावाटे बाहेर, मान पुढे पडायची आणि केस विंचरायला हात वर जात नव्हता. हा जीबीएसचा उलटा चेहरा, वरून खाली येणारा, आणि गिळण्याशी संबंध असल्यामुळे धोक्याचा. आपल्या भागात अशा मुलाच्या बाबतीत दोन गोष्टी विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एक, लसी पूर्ण झाल्या आहेत का, कारण घटसर्पानंतर टाळू असाच लुळा पडतो. दुसरी, रात्री जमिनीवर झोपला होता का. मण्यार रात्री चावते, चावल्याची खूण बऱ्याचदा दिसतही नाही, आणि पहाटे मूल पोटात दुखतं म्हणत, पापण्या मिटत उठतं. गावाकडच्या शिक्षकांनी आणि आशाताईंनी हे ध्यानात ठेवावं. तिथे तासांचा प्रश्न असतो, रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहायची नसते.

आता चौथी. हिच्यासाठीच मी हा विषय घेतला.

नऊ वर्षांची, चौथीतली. वडील ऊसतोडीच्या मुकादमाकडे कामाला, आई शेतमजूर. मुलगी पडायची. सारखी पडायची. जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकायची, संडासला उकिडवं बसली तर आईला हाक मारायची. हे एका दिवसात झालं नाही, महिने गेले. मोठ्या शहरात एकदा तपासणी झाली. नसांचा वेग मंद आहे असं निघालं, आणि सांगण्यात आलं की हा जन्मजात, पिढीजात आजार आहे, यावर औषध नाही, पायाला पट्ट्या लावा. आईबापांनी ते ऐकलं आणि आपल्या परीने निर्णय घेतला: शाळा लांब आहे, पोरगी रस्त्यात पडते, पाचवीत घालायचं नाही. धाकट्या भावाला सांभाळेल.

पिढीजात आजार असतात, आणि ते ओळखले जातात हेही चांगलंच. पण एक दुर्मीळ आजार हुबेहूब तसा दिसतो. त्याचं नाव सीआयडीपी. लांबलचक नाव सांगत नाही. जीबीएसचा संथ चालीचा चुलतभाऊ समजा. जीबीएस चार आठवड्यांत शिखर गाठतो, हा दोन महिने उलटले तरी वाढतच राहतो, किंवा बरा होऊन पुन्हा उलटतो. मुलांत अगदी थोडा. पण पिढीजात आजाराला आजमितीला मुळावरचा उपचार नाही आणि याला आहे. स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, रक्तातला द्रव बदलणं, तिन्हींचा उपयोग होतो, मुलांत तर मोठ्यांपेक्षा चांगला. म्हणून या दोघांची गल्लत झाली तर बरं होऊ शकणारं मूल पट्ट्या लावून बसून राहतं.

नसांच्या तपासणीत दोघांतला फरक साधारण असा असतो: पिढीजात आजारात सगळा रस्ता मुळातच वाईट बांधलेला, सगळीकडे वेग सारखाच कमी. सीआयडीपीत रस्ता चांगला होता, मध्ये मध्ये खड्डे पडले आहेत. पण ही तपासणी दरवेळी इतकं स्पष्ट बोलत नाही. तेव्हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न उरतो: हे मूल आधी बरं होतं का? आई म्हणायची, ‘होतं की, पळायची.’ पण आईच्या शब्दाला फाइलमधल्या छापील कागदापुढे वजन नसतं, हे मी खूपदा पाहिलं आहे.

मी शाळेत फोन लावला. गुरुजींनी दोन गोष्टी पाठवल्या. एक, आदल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातला लेझमाचा व्हिडिओ. त्यात ही पोरगी पहिल्या रांगेत, उकिडवी बसून एका झटक्यात उठते आणि हात वर करून लेझीम वाजवते. दुसरी, शुद्धलेखनाच्या वह्या. आपल्या गुरुजनांनी आपल्याला कोपऱ्यात तारीख घालायला लावली, आपण कुरकुरलो. त्या मुलीच्या प्रत्येक पानावर तारीख होती. दिवाळीपर्यंत अक्षर गोल, ठसठशीत. दिवाळीनंतर रेघ थरथरते, जानेवारीत अक्षर ओळ सोडतं, मार्चमध्ये अर्ध्या पानावर संपतं. जन्मजात आजार दिवाळीनंतर सुरू होऊन मार्चपर्यंत असा धावत नाही.

पाठीतलं पाणी तपासलं, प्रथिनं खूप वाढलेली. नसांची तपासणी पुन्हा, या वेळी नीट सगळ्या जागी केली, तर खड्डे सापडले. स्टेरॉइड सुरू केलं. सहा आठवड्यांनी ती माझ्या खोलीत जमिनीवर बसली आणि हात न टेकता उठली. आई काही बोलली नाही, तिने फक्त तिला ‘पुन्हा बस’ म्हणून सांगितलं आणि पुन्हा उठवलं. असं तीनदा. औषध दीर्घकाळ चाललं, मध्ये एकदा आजार उलटलाही, गाल सुजले म्हणून शाळेत चिडवलं गेलं. ती आता आठवीत आहे.

यातही काही हट्टी प्रकार आहेत. काही मुलांत आवरणावर नाही तर दोन आवरणांमधल्या सांध्यावर हल्ला होतो. हात खूप थरथरतात आणि नेहमीच्या इम्युनोग्लोब्युलिनने फरक पडत नाही. रक्तात विशिष्ट प्रतिद्रव्यं सापडली तर रिटक्सिमॅबसारखं वेगळं औषध द्यावं लागतं. हे तपशील डॉक्टरांसाठी आहेत. तुमच्यासाठी इतकंच, की उपचार सुरू असूनही मूल खाली जात असेल तर ‘वेळ लागतोच’ या उत्तरावर थांबू नका.

मग करायचं काय? माझ्या मते एक प्रश्न सगळ्यांना विचारता येतो: काल किंवा गेल्या महिन्यात जे जमत होतं, ते आज जमत नाही असं काय आहे? जिना, दप्तर, मांडी घालून उठणं, शर्टाची बटणं, गिळणं, अक्षर. जे मूल पहिल्यापासून मागे आहे त्याचा विचार निराळा. मिळवलेलं गमावणारं मूल मात्र नाटक करतंय, अभ्यास टाळतंय असं समजून सोडू नका. मुलं नाटक करतात, आपणही केली आहेत. पण नाटक करणाऱ्याच्या पायातली चप्पल निसटत नाही.

तारखा लिहा. मोबाइलवर चालण्याचा, उठण्याचा व्हिडिओ घ्या, दोन दिवसांनी पुन्हा घ्या. अशक्तपणा दिवसागणिक वाढत असेल तर व्हिडिओच्या नादात थांबायचं नाही, त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्या. वाटेत मुलाला एका श्वासात आकडे म्हणायला लावा. सकाळी पंचवीसपर्यंत जात होतं आणि संध्याकाळी बारावर थांबतंय, तर हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. आवाज बारीक होणं, थुंकी गिळता न येणं, हेही. हाडवैद्य, मालीश, ताकदीचं सलाईन यात दिवस घालवू नका. जीबीएसमध्ये स्टेरॉइडचाही उपयोग नाही, सीआयडीपीत आहे; म्हणून ‘शेजारच्याच्या मुलाला हेच दिलं होतं’ हे इथे अजिबात चालत नाही.

आणखी एक. पहिल्या आठवड्यात पाठीतलं पाणी आणि नसांची तपासणी, दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. काही मुलांत हातोडीला पायही उडतो. तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आणि मूल मात्र खाली चाललंय, अशा वेळी मुलावर विश्वास ठेवायचा.

खर्चाचं विचाराल. इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा वजनावर असते, किलोमागे एकूण दोन ग्रॅम. वीस किलोच्या मुलाला चाळीस ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या आठ कुप्या, आणि एकेका कुपीची किंमत हजारांत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जीबीएसचा समावेश आहे, दाखल होतानाच योजनेच्या खिडकीवर विचारा. प्लाझ्मा बदलणं हाही पर्याय असतो.

आणि हो, रुग्णालयात तुमच्या मुलाच्या शौचाचे दोन नमुने, चोवीस तासांच्या अंतराने मागितले तर घाबरू नका. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचे हातपाय एकाएकी लुळे पडले की ती नोंद पोलिओसाठी सरकारला द्यावीच लागते. भारतातला शेवटचा रानटी पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, मार्च २०१४ मध्ये आपल्या विभागाला पोलिओमुक्त जाहीर केलं. तो पहारा अजून चालू आहे म्हणून ते नमुने.

शिक्षकांसाठी शेवटचं. अशी मुलं परत येतात तेव्हा ती दिसायला बरी असतात आणि दुपारपर्यंत दमतात. वर्ग तळमजल्यावर घेता आला तर घ्या, लेखनाला वेळ जास्त द्या, आणि मैदानावर त्यांना नुसतं गुण मोजायला बसवू नका, जेवढं जमेल तेवढं खेळू द्या. त्या चौथ्या मुलीच्या गुरुजींनी तिला लेझमाच्या शेवटच्या रांगेत घेतलं होतं, दमली की थांब, असं सांगून.

मी पिशवीत हातोडी आणली आहे. जेवणानंतर व्हरांड्यात बसते. ज्यांना गुडघे दाखवायचेच आहेत त्यांनी रांगेत यावं, गुरुजन आधी.